डेझी दरवेळी त्याच जागी का मरते?

रोप काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत असतं. दोन फुलं उमललेली, चार कळ्या रांगेत. सकाळी बघावं तर मान टाकलेली. मातीला हात लावला तर माती ओली. तरीही आपण घाबरतो आणि तांब्याभर पाणी आणखी ओततो. दुपारपर्यंत पानं जमिनीवर लोळतात आणि चौथ्या दिवशी रोप उचलायला जावं तर ते मुळं मागे सोडून हातात येतं. मग नवं रोप येतं, त्याच खड्ड्यात बसतं, आणि काही महिन्यांनी हाच खेळ पहिल्यापासून सुरू होतो.

माझ्याकडे हे तीनदा झालं. पहिल्या वेळी मी रोपालाच दोष दिला, दुसऱ्या वेळी उन्हाला. तिसऱ्या वेळी दोष द्यायला कुणी उरलं नाही, म्हणून माती उकरली. दुखणं पानात नव्हतं, फुलात नव्हतं, मुळांच्या टोकाशीही नव्हतं. ते माती आणि हवा जिथे भेटतात त्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यात होतं. तेव्हापासून कुणीही डेझीची तक्रार सांगितली की मी आधी त्या पट्ट्याबद्दल विचारते. दहातल्या सात-आठ वेळा उत्तर तिथेच सापडतं. उरलेल्या तक्रारींकडे पुढे येतेच.

मान शोधा

खुरपी नको, बोटांनीच करा. रोपाच्या बुडाशी माती हलकेच बाजूला सारा आणि मुळं जिथून खाली जातात, पानं जिथून वर फुटतात, तो सांधा शोधा. लागवडीच्या पुस्तकांत त्याला क्राऊन म्हणतात. मी मान म्हणते, कारण मान पुरली की रोप मान टाकतं, एवढं लक्षात ठेवलं की काम भागतं.

ही मान मातीच्या पातळीला किंवा किंचित वर हवी. जरबेरा या मोठ्या रंगीत फुलांच्या डेझीच्या बाबतीत तर एखादा सेंटिमीटर वरच. माझ्या तिसऱ्या रोपाची मान सापडायला बोट दोन पेरं आत घालावं लागलं. आणि मी ते रोप अगदी नीट, पातळीला लावलं होतं, हे मला शपथेवर सांगता येईल.

मग ते खाली गेलं कसं? दोन वाटांनी. एक तर नव्याने भुसभुशीत केलेली माती पहिल्या काही पाण्यांबरोबर बसते आणि रोपही तिच्याबरोबर खाली जातं. कुंडीत हे जास्त होतं, कारण कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि खत यांचं मिश्रण महिन्याभरात चांगलंच आकसतं. कुंडी रिकामी दिसायला लागली की आपण वरून आणखी माती भरतो. दुसरी वाट मायेची. दर महिन्याला मूठभर शेणखत किंवा गांडूळखत बुडाशी टाकायचं, वर पालापाचोळ्याचं आच्छादन करायचं. प्रत्येक वेळी अर्ध्या सेंटिमीटरचा थर चढतो. वर्षभरात रोप गळ्यापर्यंत पुरलं जातं, आणि पुरणारे हात आपलेच असतात. मी तीन वेळा रोप बदललं, पण खत टाकायची सवय एकदाही बदलली नाही. जागा अपशकुनी नव्हती.

मान उघडी केली की तिच्याकडे जरा वेळ द्या. निरोगी मान टणक लागते, नखाने हलकं खरवडलं तर आत पांढरट किंवा फिकट हिरवा रंग दिसतो, आणि वास असलाच तर ओल्या मातीचा. बाहेरचं एखादं पान धरून हलकेच ओढून बघा. निरोगी रोपाचं पान सहजी निघत नाही. कुजक्या मानेचं पान लोण्यात रुतलेल्या काडीसारखं अलगद हातात येतं, त्याचा देठ टोकाला तपकिरी आणि चिकट असतो. माझ्या हातात तेव्हा एकामागोमाग पाच पानं आली. पाचव्या पानानंतर मी ओढणं थांबवलं.

आता एखादं मूळ दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढा. मूळ कुजलं असेल तर त्याची बाहेरची साल मोज्यासारखी निघून येते आणि मागे दोऱ्याइतका बारीक तंतू राहतो. ही पिथियमसारख्या बुरशीवजा सूक्ष्म जीवाने केलेल्या मूळकुजीची खूण आहे. माती ओली असूनही रोप का सुकतं, हेही इथेच उलगडतं. पाणी आहे, पण ते ओढणारी मुळंच उरलेली नाहीत. अशा वेळी आणखी पाणी देणं म्हणजे दुखण्याला खतपाणी घालणं.

एक फरक मात्र आधीच सांगते, नाहीतर उगाच चांगली रोपं उकरली जातील. कडक उन्हात दुपारी डेझीची पानं लोंबतात आणि ऊन उतरलं की परत ताठ होतात. तो आजार नाही. रोप पहाटे किंवा सकाळी लवकर बघा. रात्रभराचा गारवा मिळूनही पानं लोळलेलीच असतील आणि माती ओली असेल, तरच मानेपर्यंत जा. पानं लोळलेली आणि माती कोरडी असेल तर त्याला पाणी हवंय, एवढंच.

कुजलेलं रोप वाचतं का?

कधी कधी. मानेचा निम्म्याहून जास्त भाग टणक असेल आणि थोडी तरी पांढरी मुळं शिल्लक असतील तर प्रयत्न करायला हरकत नाही. रोप अख्खं उचला, मुळं वाहत्या पाण्यात धुवा, तपकिरी भाग स्वच्छ ब्लेडने कापून टाका. ब्लेड दर कापणीनंतर स्पिरिटने पुसा. हा कंटाळवाणा भाग लोक गाळतात आणि चांगल्या फुटव्यालाही रोग लावून बसतात. पानंही निम्मी कमी करा, कारण उरलेल्या मुळांना सगळ्यांची तहान भागवणं जमणार नाही. कापलेल्या जखमा तासभर सावलीत सुकू द्या आणि नव्या, हलक्या मातीत, मान उघडी ठेवून लावा.

मान मऊ पडून तिचा लगदा झाला असेल तर जीव गुंतवू नका. रोप मातीच्या गोळ्यासकट काढून बाहेर फेका, घरच्या खताच्या खड्ड्यात टाकू नका.

एक दृश्य दिसलं तर जास्तच सावध व्हा. मानेभोवती पांढऱ्या सुतांची जाळी, आणि तिच्यात मोहरीच्या दाण्याएवढे, आधी पांढरे आणि मग तपकिरी होणारे गोळे. ही स्क्लेरोशियम रोल्फसी नावाची बुरशी. ते दाणे म्हणजे तिचं बियाणंच म्हणा ना. मातीत ते काही वर्षं नुसते पडून राहू शकतात. 'दरवेळी त्याच जागी' या तक्रारीमागे ही बुरशी असेल तर रोप बदलून काहीही साधणार नाही. रोपाभोवतीची वीतभर रुंद आणि वीतभर खोल माती काढून टाका. हे दाणे खोल गाडले गेले तर सहसा उगवत नाहीत, त्यांचं राज्य वरच्या काही सेंटिमीटरांत असतं. वाफा मोठा असेल तर वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत माती ओली करून तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवा, कडा मातीने दाबा आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. काळं प्लॅस्टिक नको, पारदर्शकच. त्यातून ऊन आत जातं आणि माती खरी तापते.

ट्रायकोडर्माबद्दल नेहमी विचारणा होते. ती उपयोगी बुरशी आहे, पण पहारेकरी म्हणून. लावण्याआधी मातीत मिसळली तर ती रोगकारक बुरशीची जागा अडवते. कुजलेल्या मानेवर ओतलं तर कुजणं उलट फिरत नाही. बहुतेक लोक उलट क्रमाने वापरतात आणि मग औषध बेकार म्हणतात.

आधी ठरवा, तुमची डेझी कुठली

डेझी हे एका झाडाचं नाव नाही. सूर्यफुलाच्या आणि शेवंतीच्या कुळातली बरीच मंडळी या एका नावाखाली फिरतात, आणि एकीचा उपाय दुसरीला अपाय ठरू शकतो.

पानं जमिनीलगत चक्राकार, केसाळ, आणि लांब बिनपानाच्या दांड्यावर एकच मोठं रंगीत फूल असेल तर ती जरबेरा. गुडघ्यापर्यंत किंवा त्याहून उंच, पांढऱ्या पाकळ्या, पिवळा डोळा, गडद हिरवी दातेरी पानं असतील तर शास्ता. हिरवळीत उगवते तशी बुटकी, बोटभर दांड्याची असेल तर ती बेलिस. 'डेझी' हे नाव मुळात तिचं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'दिवसाचा डोळा', कारण ती रात्री मिटते आणि सकाळी उघडते. मधला डोळा निळसर-जांभळा आणि पाकळ्या चकचकीत असतील तर बहुधा आफ्रिकन डेझी, म्हणजे ऑस्टिओस्पर्मम. आणि बुडाशी लाकडासारखी झालेली, झुडपासारखी वाढणारी, बारीक कातरलेल्या पानांची असेल तर मार्गेराइट, मूळची कॅनरी बेटांवरची.

यातली शास्ता निसर्गात नव्हतीच. अमेरिकेतले रोपतज्ज्ञ ल्युथर बरबँक यांनी सुमारे १७ वर्षं संकरांवर संकर करून ती घडवली आणि १९०१ मध्ये बाजारात आणली. युरोपातल्या रानडेझी आणि जपानमधली निप्पॉन डेझी त्यांनी यासाठी वापरली, आणि कॅलिफोर्नियातल्या बर्फाच्छादित माउंट शास्तावरून तिचं नाव ठेवलं. हा इतिहास सांगण्यामागे कारण आहे. तिचे पूर्वज थंडीचा ऋतू अनुभवणाऱ्या मुलखांतले आहेत. ती गारव्यात खुलते, आणि ज्या हवेत गारवा फारसा पडत नाही तिथे पानं भरपूर, फुलं मोजकी, असं वागते. तुमच्याकडे बारा महिने ऊब असेल तर शास्तावर जीव टाकण्यापेक्षा जरबेरा लावा, असं मी स्पष्ट सांगेन. जरबेराला सौम्य, उबदार हवा मानवते.

मधोमध टक्कल

शास्ताचं बेट दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मधूनच ओसाड पडायला लागतं. कडेला टवटवीत फुटवे, मध्ये सुकलेल्या काड्या. हा रोग समजून लोक बुरशीनाशक फवारतात. हे वय आहे. जुना गाभा लाकडी होऊन थकतो आणि नवी वाढ बाहेरच्या बाजूला सरकत जाते. विभागलं नाही तर तीन-चार वर्षांत बेट संपतंच.

फुलांचा बहर ओसरल्यावर आणि हवा गार असताना अख्खं बेट बागकामाच्या दातेरी काट्याने उचला. मधला लाकडी भाग सरळ टाकून द्या. मला पहिल्यांदा हे करताना फार वाईट वाटलं होतं. निम्मं बेट फेकायचं म्हणजे काय! पण त्या गाभ्यातून काहीही निघत नाही, मी एकदा मोह न आवरून लावून पाहिलंय. कडेचे तुकडे असे तोडा की प्रत्येकात तीन-चार फुटवे आणि मूठभर पांढरी मुळं येतील. दोन रोपांत एक ते दीड फूट अंतर ठेवा. अंतर कमी ठेवलं तर पहिल्या वर्षी वाफा छान भरलेला दिसतो आणि दुसऱ्या वर्षी आत हवा खेळत नाही म्हणून पानांवर ठिपके पडतात.

जरबेराचंही असंच, फक्त तिथे मान जपून तोडायची. मार्गेराइटच्या बाबतीत मात्र हा सल्ला पाळू नका. ती एका खोडावरचं झुडूप आहे, तिचे तुकडे होत नाहीत. ती कोवळ्या फांदीच्या छाटकलमाने, म्हणजे फांदीचा तुकडा मातीत रुजवून, वाढवायची. आणि छाटताना हिरवी पानं असलेल्या भागातच कात्री लावायची. जुन्या, उघड्या लाकडापर्यंत छाटली तर बहुतेक वेळा पुन्हा फुटत नाही.

हिरवीगार आहे, पण फुलं नाहीत

उजेड मोजा. मोजा म्हणजे मोजाच, अंदाज नको. सकाळी आठला, अकराला, दोनला, चारला बाहेर जाऊन सावली कुठे आहे ते पाहा. थेट ऊन रोज सहा तास मिळायला हवं. खूप कडक उन्हाच्या हवेत सकाळचं ऊन आणि दुपारनंतर झिरपती सावली चालते, पण दिवसभर 'तसा उजेड असतो' हे चालत नाही.

उजेड पुरेसा असेल तर खताची पिशवी काढा आणि तिच्यावरचे तीन आकडे वाचा. पहिला आकडा नत्राचा. तो मोठा असेल तर रोप पानांच्या मागे लागतं. हिरवळीला घातलेलं युरियासारखं खत शेजारच्या डेझीपर्यंत वाहत येतं, हेही मी पाहिलंय. हिरवळ लुसलुशीत, डेझी लुसलुशीत, फूल शून्य. खत दीड-दोन महिने थांबवा. पुढे द्यायचंच तर पालाशाचा (पोटॅशचा), म्हणजे तिसरा आकडा जास्त असलेलं द्या, आणि तेही कमीच. डेझी हावरट नाही.

बियांपासून केलेली शास्ता पहिल्या वर्षी अनेकदा फुलतच नाही. ती त्या वर्षात मुळं आणि पानं जमवते. तिला लांब दिवस आणि त्याआधी थंडीचा एक हंगाम मिळाला की फुलते. आफ्रिकन डेझीचं उलट दिसतं, ती तापमान चढलं की फुलं थांबवते आणि गारव्यात परत सुरू करते. ऐन उन्हाळ्यात ती फुलत नाही म्हणून खत घालू नका. एक तृतीयांश छाटा, पाणी चालू ठेवा आणि वाट पाहा.

सुकलेली फुलं काढणं हे काम लोकांना माहीत असतं, पण ते अर्धवट करतात. नुसतं डोकं खुडलं की उघडा दांडा उभा राहतो आणि काही उपयोग होत नाही. शास्ताचा दांडा खाली पहिल्या पानापर्यंत किंवा बाजूच्या कळीपर्यंत कापा. जरबेराचा दांडा कात्रीने कापूच नका. तो बुडाशी धरून एका बाजूला वाकवत हलका झटका दिला की मुळापासून सुटतो. कापलेला तुकडा मागे राहिला तर तो सडतो आणि सड मानेत उतरते. म्हणजे फिरून आपण मानेपाशीच येतो.

कळ्या येतात आणि तिथेच थांबतात

एक पांढरा कागद घ्या, कळी किंवा फूल त्यावर धरून दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर स्वल्पविरामाएवढे, पिवळसर किंवा तपकिरी, पळणारे ठिपके पडले तर फुलकिडे आहेत. ते पाकळ्या खरवडून रस पितात. कळी वाकडी उमलते, पाकळ्यांवर रंग उडाल्यासारख्या चंदेरी रेघा येतात. निळ्या चिकट पट्ट्या लावा. त्यांच्याकडे फुलकिडे खेचले जातात, तर पिवळ्या पट्ट्या पांढऱ्या माशीसाठी. ग्रासलेली फुलं तोडून पिशवीत बंद करा आणि निंबोळी तेल लिटरभर पाण्यात पाच मिली, थोड्या साबणाच्या द्रावणाबरोबर, संध्याकाळी फवारा. फुलं सोडून फवारा, मधमाश्यांचा विचार करून. एकदा फवारून ते संपत नाहीत, कारण काही पिढी त्या वेळी मातीत असते. आठवड्याच्या अंतराने तीनदा तरी करावं लागतं.

ठिपके पडले नाहीत आणि कळीवर राखाडी लव दिसली तर ती बोट्रायटिस बुरशी. रात्री पानांवर पाणी राहिल्याने येते. पाणी सकाळी, बुडाशी, आणि तेही मानेच्या आत न ओतता कडेने द्या. जरबेराच्या मध्यभागी नव्या पानांची वाटी असते, तिच्यात साचलेलं पाणी दिवसभर निघत नाही.

पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा असतील तर ती नागअळी. ती पानं तोडून टाकली की बरंचसं काम होतं. पानांना रात्रीत मोठी भोकं पडत असतील आणि सकाळी चमकदार चिकट वाट दिसत असेल तर गोगलगायी. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वेचा.

पानं पिवळी

कुठली पानं, हा पहिला प्रश्न. खालची जुनी पानं एकसारखी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे किंवा मुळं गुदमरली आहेत. कुंडीतून गोळा काढून पाहा, मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील तर मोठी कुंडी द्या. वरची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. मातीत लोह असतंही, पण सामू, म्हणजे मातीचा पीएच, चढला की रोपाला ते घेता येत नाही. जरबेराला सामू साधारण ५.५ ते ६.२ लागतो. कठीण (क्षार जास्त असलेल्या) पाण्याने वर्षभर शिंपलं की तो हळूहळू वर जातो. कुंडीच्या कडेला पांढरा थर जमला असेल तर तोच हा पुरावा. चिलेटेड लोह (रोपाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) दिल्यावर दोन-तीन आठवड्यांत नवी पानं हिरवी येतात, पण पाणी तेच राहिलं तर तक्रार परत येणार. जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी वापरा.

फूलच विचित्र आलंय

पाकळ्या हिरव्या, फुलाच्या मध्यातून पानांचे झुबके निघालेले, रोप खुरटलेलं, पानं फिकट. हा अ‍ॅस्टर यलोज नावाचा रोग. याच्यावर उपाय नाही. तुडतुडे एका रोपाचा रस पिऊन दुसऱ्यावर बसतात आणि फायटोप्लाझ्मा नावाचा, पेशीभित्तिका नसलेला सूक्ष्म जीव पसरवतात. याला फार वर्षं विषाणू समजत. १९६७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी अशा रोगट झाडांच्या रसवाहिन्यांत हे जीव पहिल्यांदा पाहिले. रोप त्याच दिवशी उपटा. फक्त बिघडलेलं फूल तोडून रोप ठेवणं म्हणजे शेजारच्या शेवंतीलाही ओढणं.

याच्याशी गल्लत होते ती जोडफुलांची. दोन-तीन डोकी एकमेकांना चिकटलेली, दांडा पट्टीसारखा चपटा, मधला डोळा लांबट सुरवंटासारखा. हिला फॅसिएशन म्हणतात. वाढीचं टोक एका बिंदूऐवजी रेघेत वाढत जातं म्हणून असं होतं. २०१५ मध्ये जपानमधल्या अशाच डेझीचा फोटो जगभर फिरला आणि लोकांनी तो फुकुशिमाच्या अणुभट्टी अपघातातल्या किरणोत्साराला जोडला. पण टोकाला इजा, अवेळी थंडी किंवा एखादा जिवाणू, अगदी विनाकारणही हे होतं, आणि कुठल्याही बागेत होतं. असं फूल मिळालं तर तोडू नका, पाहुण्यांना दाखवा. पुढचं फूल बहुधा साधंच येईल.

आणि संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी मिटणारी बेलिस आणि आफ्रिकन डेझी आजारी नसतात. हा प्रश्न दर हंगामात कुणीतरी विचारतंच.

फूल किती दिवसांचं झालं हे ओळखण्याची एक युक्ती मला फार आवडते. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो खरा शेकडो फुलांचा मेळावा आहे. बाहेरची प्रत्येक पांढरी पाकळी हे एक फूल, आणि मधल्या पिवळ्या डोळ्यातला प्रत्येक दाणा हेही एक फूल. भिंगातून पाहिलं तर दाण्यांच्या तोंडाशी पाच इवल्या पाकळ्या दिसतात. हे दाणे कडेकडून आत, वलयावलयाने उमलतात. फक्त बाहेरचं वलय परागाने भरलेलं असेल तर फूल ताजं, फुलदाणीत टिकेल. उमलणं अगदी मध्यापर्यंत पोचलं असेल तर फुलाचं काम झालं, काढायला हरकत नाही. भिंग हातात आहेच तर दाण्यांचे डावे-उजवे भोवरे मोजून पाहा, बहुतेक वेळा २१ आणि ३४ येतात. मी दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी हे करताना हातमोजे घाला, या कुळातल्या झाडांच्या रसाने काहींना पुरळ येतं.

त्याच जागी पुन्हा लावायचं असेल तर

आधी निचरा तपासा. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, मग दुसऱ्यांदा भरा आणि घड्याळ लावा. तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर तिथे खड्ड्यात लावू नका. वीतभर उंच गादीवाफा करा. चिकणमातीच्या खड्ड्यात नुसती वाळू किंवा खडी भरली तर ते पाणी साठवायचं भांडं होतं, ही चूक मी पैसे खर्च करून केलीय.

माती भरून झाली की दोनदा भरपूर पाणी देऊन आठवडाभर बसू द्या आणि मगच रोप लावा. म्हणजे ती बसेल ती रोपाच्या आधी. लावताना मान बोटाच्या अर्ध्या पेराएवढी वर ठेवा, पुढे ती थोडी खाली येतेच. खत आणि आच्छादन रोपापासून चार बोटं लांब, कड्यासारखं गोल. मी मानेभोवती बारीक खडीचं एक वलय केलंय. त्याचा खरा उपयोग पाणी निथळायला होतो की माझा खत टाकणारा हात अडवायला, हे मलाही सांगता येणार नाही. दोन महिन्यांतून एकदा बोटाने मान चाचपून बघते, आणि चढलेली माती बाजूला करते.

पुनर्लावणीनंतर आठ-दहा दिवस रोप मरगळलेलं दिसेल. याच दिवसांत सगळ्यात जास्त रोपं पाणी घालून मारली जातात. दुपारची सावली करा, बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी द्या, आणि बाहेरची पानं सुकली तरी मध्यावर नजर ठेवा. तिथे नखाएवढं, घडी घातलेलं फिकट हिरवं पान वर येताना दिसलं की सावली काढून घ्या.